मतलई वाऱ्यांचे दिवस आणि मुंबईचं धुरकं

परतीचा पाऊस संपला की मुंबई-ठाण्याकडून हवेबद्दलची पत्रं येऊ लागतात. यंदा ती इतकी आली की प्रश्नोत्तरांचं हे पान पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहतो. डिसेंबरात सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अजिबात दिसत नाहीत, दुपारी दोननंतर दिसू लागतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, थंडीचं धुकं आहे. खरंच धुकं का? (मुलुंड)

बहुतेक दिवशी ते धुरकं असतं : धूर, धूळ आणि त्या कणांनी शोषलेली ओल. हवामानशास्त्रात धुकं म्हणायचं तर दृश्यमानता १ किलोमीटरच्या आत यावी लागते आणि हवा जवळपास पूर्ण दमट असावी लागते. मुंबईत असं खरं धुकं क्वचित पडतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे गॅलरीचा कठडा. खऱ्या धुक्यात तो ओला लागतो आणि ऊन चढलं की पांढरा पडदा तासाभरात विरतो. धुरक्यात कठडा कोरडा असतो, बोट फिरवलं तर करडी पूड लागते, आणि दुपारीही क्षितिजावर मातकट पट्टा राहतो.

सकाळी दाट आणि दुपारी विरळ असं का, याची दोन कारणं आहेत. पहिलं उंचीचं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर तुलनेनं उबदार थर बसतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. या झाकणामुळे शहराचा धूर वर जाऊ शकत नाही. दुपारी हवा किलोमीटरभर किंवा जास्त उंचीपर्यंत घुसळली जाते, थंडीच्या रात्री ती उंची काही वेळा दोन-तीनशे मीटरवर येते. धूर तेवढाच, पण मावायला जागा चौथाई. म्हणून रस्त्यावर वाहनं कमी असूनही पहाटेचे आकडे वाईट येतात.

दुसरं कारण वाऱ्याचं. दिवसा समुद्रावरून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. रात्रीचा मतलई वारा मंद असतो. तो शहराचा धूर हळूहळू समुद्रावर नेऊन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा सुरू झाला की त्यातला काही भाग परतही येतो. तरी एकूण हिशोबात खारा वारा मुंबईचा मोठा आधार आहे. ज्या हिवाळ्यात तो उशिरा सुरू होतो किंवा दुबळा राहतो, त्या हिवाळ्यात शहर गुदमरतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हेच झालं आणि काही दिवस मुंबईचे आकडे दिल्लीच्याही वर गेले. समुद्र आपली हवा धुऊन नेतो या भरवशावर आपण फार वर्षं निर्धास्त राहिलो, असं आम्हाला वाटतं.

ओलीचाही वाटा आहे. सल्फेट, नायट्रेट आणि समुद्री मिठाचे कण पाणी ओढून घेतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की त्यांचा व्यास दीडपट ते दुप्पट होतो आणि ते प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे कणांचं कोरडं वजन तेवढंच असूनही दमट सकाळी डोंगर दिसेनासे होतात. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच शहरांना हे लागू आहे.

एकविसाव्या मजल्यावर राहता तर एक करा. नकाशावर मोजून तीन ठिकाणं निवडा : अंदाजे १, ३ आणि ६ किलोमीटरवरची. सकाळी ८ आणि दुपारी ३ वाजता कोणतं दिसतं ते वहीत टिपा, शेजारी हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा, आकडा लिहा. महिन्याभरात तुमच्या भागाचा अंदाज तुम्हालाच येईल.

प्रश्न : एक अ‍ॅप १०० दाखवतं, दुसरं त्याच वेळी १५४. खरं कुणाचं? (ठाणे)

दोन्ही खरी असू शकतात, कारण मोजपट्ट्या दोन आहेत. समजा हवेत पीएम २.५ कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय मोजपट्टीत याचा हवेचा निर्देशांक (एक्यूआय) १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी. अमेरिकी मोजपट्टीत तोच आकडा १५४ होतो, आणि तिथे १५१ पासून पुढे सगळ्यांसाठीच अपायकारक मानतात. बरीच परदेशी अ‍ॅप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अर्थातच भारतीय वापरतं.

आणखी दोन फरक लक्षात ठेवा. भारतीय निर्देशांकातला कणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी सातला शेजारी कचरा पेटला तर तो आकडा लगेच हलत नाही. दुसरं, निर्देशांक म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा जाहीर करतात. पीएम २.५ साठ आणि पीएम १० (१० मायक्रॉनपेक्षा बारीक कण) दीडशे असेल, तर उपनिर्देशांक १०० आणि १३४ येतात, आणि अ‍ॅपवर १३४ दिसतो. म्हणजे त्या दिवशी पुढे आहे ती धूळ.

म्हणून आमचा सल्ला असा, की रंग आणि निर्देशांक सोडा, मायक्रोग्रॅम वाचा. जवळजवळ सगळ्या अ‍ॅपमध्ये केंद्रावर बोट ठेवलं की ते दिसतात. भारताचं २४ तासांचं मानक पीएम २.५ साठी ६० आणि पीएम १० साठी १०० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अनुक्रमे १५ आणि ४५ आहे. ‘समाधानकारक’ हा शब्द वाचून मुलाला मैदानावर पाठवताना हे चौपटीचं अंतर लक्षात असू द्या.

पीएम २.५ ला पीएम १० नं भागून पाहा. उत्तर ०.४ च्या खाली आलं तर धूळ जास्त, म्हणजे बांधकाम, उखडलेले रस्ते, डेब्रिजचे ट्रक. ०.६ च्या वर गेलं तर जळण्यातून आलेला धूर जास्त. हे गुणोत्तर ढोबळ आहे, पण तक्रार कशाची करायची ते ठरवायला पुरेसं आहे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. रोज पहाटे साडेपाचला चालायला जातात. हिवाळ्यात बंद करावं का? (दादर)

चालणं बंद करू नका, वेळ बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सहा ते दहा हा मुंबईतला सर्वांत वाईट काळ, संध्याकाळी उशिरा तो पुन्हा सुरू होतो. त्यातल्या त्यात चांगली हवा दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान असते. उन्हात ओझोन वाढतो आणि दम्याच्या माणसाला तो टोचतो, म्हणून वडिलांसाठी साडेचार ते सहा ही वेळ धरा.

बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. भरभर चालताना ती २० ते ३० लिटर होते, धावताना ६० च्या वर जाते. शिवाय तोंडानं श्वास सुरू झाला की नाकाची गाळणी सुटते. त्यामुळे वाईट सकाळी तासभर धावणं म्हणजे घरी बसून कित्येक तासांचा धूर एकदम आत घेणं. रस्ता निवडताना सिग्नल टाळा. थांबून निघणारी वाहनं सर्वांत जास्त धूर सोडतात. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत गेलं तरी फरक पडतो. पीएम २.५ ताशी ९० च्या वर असेल त्या दिवशी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. छातीत घट्टपणा, शिट्टीसारखा आवाज किंवा नेहमीपेक्षा लवकर धाप लागली तर डॉक्टरांकडे जा. इनहेलरचा डोस स्वतःहून वाढवू नका.

प्रश्न : एअर प्युरिफायर घ्यायचा आहे. दुकानदार ‘४०० चौरस फुटांचा’ म्हणतो. कसा निवडायचा? (अंधेरी)

चौरस फूट विसरा. खोक्यावर सीएडीआर शोधा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. तो नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

हिशोब असा. खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट : ११४० घनफूट. ३५.३ ने भागलं की सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी, म्हणून १६०. पण आपल्या खिडक्या सरकत्या, फटींच्या. दार सतत उघडतं. त्यामुळे २०० ते २५० धरा. आता खरी गोम : सीएडीआर सर्वांत वरच्या वेगावर मोजलेला असतो, आणि त्या वेगावर यंत्राच्या आवाजात झोप येत नाही. रात्री लोक खालचा वेग लावतात आणि आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. म्हणून एवढ्याच खोलीसाठी ३०० च्या वरचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. ‘४०० चौरस फूट’ हा आकडा अनेकदा तासाला दोन-तीनदाच हवा गाळण्यावर काढलेला असतो.

फिल्टर एच १३ दर्जाचा हेपा, म्हणजे बारीक कण पकडणारा दाट तंतूंचा, हवा. ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर टाळा. आयोनायझरचं बटण असेल तर ते बंद ठेवा, काही यंत्रांत त्यातून ओझोन निघतो. यंत्र भिंतीपासून किमान एक फूट लांब, पडद्याआड नको. खोलीत शिरल्यावर अर्धा तास पूर्ण वेगावर, मग मधल्या. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूम करा किंवा धुऊन पूर्ण वाळवा. हेपा कधीही धुऊ नका, त्याचे तंतू बिघडतात आणि तो दिसायला स्वच्छ पण कामाला निकामी होतो. मुंबईच्या हवेत तो सहा ते बारा महिन्यांत बदलावा लागतो, तेव्हा यंत्राच्या किमतीआधी फिल्टरची किंमत विचारा.

एसीनं हवा स्वच्छ होते का, असं विचारणारी चार पत्रं आहेत. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची जाळी कापसाचे पुंजके आणि जाड धूळ पकडते, पीएम २.५ पकडत नाही.

टेबल फॅनला हेपा बांधायची युक्ती तत्त्वतः चालते. पण पंखा मोकळ्या हवेत फिरण्यासाठी बनवलेला असतो. समोर दाट फिल्टर आला की हवा पात्यांच्या कडेनं मागे परतते. कडा पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टीनं पूर्ण बंद केल्या तरच उपयोग, आणि मोटर तापते का ते पहिल्या तासात हात लावून बघा.

चार माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी डोकं जड होतं. हॉलकडचं दार बोटभर उघडं ठेवा. खिडक्या दुपारी दोन ते पाच सताड उघडा.

प्रश्न : गॅलरीत छोटं मीटर लावलं आहे. पहाटे ते १८० दाखवतं, सरकारी केंद्र ९५. मीटर खोटं का? (कांजूरमार्ग)

खोटं नाही, पण ओलीला फसणारं आहे. या मीटरमध्ये लेझरचा किरण असतो. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून ते वजनाचा अंदाज बांधतं. पहाटे कण पाण्यानं फुगलेले असतात, मीटर पाणीही कणांत मोजतं. सरकारी केंद्रातलं यंत्र हवा आधी गरम करून ओल काढतं आणि कागदी पट्टीवर जमलेल्या कणांतून बीटा किरण किती अडतात त्यावरून वजन काढतं.

आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली असलेले तास निवडा, सहसा दुपारचे. आठवडाभर त्या तासांची तुमची सरासरी आणि जवळच्या केंद्राची सरासरी काढून भागाकार करा, तो तुमचा गुणक. पहाटेच्या आकड्याची केवळ दिशा बघा, किंमत नको. दुसरी मोठी मर्यादा : ही मीटर जाड धूळ नीट पाहतच नाहीत. त्यांच्यातला पीएम १० चा आकडा बराचसा अंदाजानं काढलेला असतो. समोर बांधकामाची धूळ डोळ्यांना दिसत असते आणि मीटर शांत असतं, ते यामुळे. मीटर सावलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब ठेवा. वर्षभरात आतल्या छोट्या पंख्यावर धूळ बसते, कोळी घर करतात. आकडे अचानक सपाट झाले तर आधी तेच बघा.

प्रश्न : इमारतीला लागून पुनर्विकासाचं काम चालू आहे. खिडकी उघडता येत नाही. तक्रार केली की ‘सगळे नियम पाळतो’ म्हणतात. नियम नेमके काय आहेत? (घाटकोपर)

मुंबई महापालिकेनं २५ ऑक्टोबर २०२३ रोजी बांधकामांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या सूचनांतलं तुमच्या कामाचं सांगतो. एक एकर आणि त्याहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्र्याचं कुंपण, त्याहून लहान जागेला २५ फूट. चालू इमारत सर्व बाजूंनी हिरव्या कापडानं, ज्यूटनं किंवा ताडपत्रीनं झाकलेली. पाडकाम करताना आणि डेब्रिज चढवता-उतरवताना पाण्याचा फवारा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाहनाची चाकं धुणं. माल झाकलेला, आणि काठोकाठ भरून सांडेल असा नाही. जागेवर हवा मोजणारं यंत्र.

‘नियम पाळतो’ हे उत्तर अनेकदा अर्धं खरं असतं. नेमकं कुठे बिनसतं ते बघा. हिरवं कापड खालच्या दहा मजल्यांवर असतं आणि काम चाललेल्या मजल्यावर फाटलेलं किंवा गुंडाळलेलं. पत्रा उभा असतो, पण खाली वीतभर फट. पाणी सकाळी एकदा मारतात, नोव्हेंबरच्या उन्हात ते दीड-दोन तासांत सुकतं. चाकं धुण्याचा हौद असतो, पण त्यातलं पाणी दिवसेंदिवस बदललेलं नसतं, त्यामुळे चाकं चिखल घेऊनच बाहेर पडतात. तो रस्त्यावर सुकतो आणि पुढच्या प्रत्येक गाडीबरोबर उडतो. ही सुकलेली गाळाची पट्टी फाटकापासून किती मीटर जाते ते मोजा, सर्वांत बोलका पुरावा तोच. लादी आणि ग्रॅनाइट कोरडं कापणं हे तर फार घातक. त्या धुळीत सिलिका असते आणि ती आधी त्या कामगाराच्या छातीत जाते. कटरला पाण्याची नळी जोडली की ती जागच्या जागी बसते. वरून डेब्रिज मोकळं टाकण्याऐवजी बंद नळीतून उतरवायला हवं.

तक्रार अशी लिहा : प्रकल्पाच्या फलकावरचा महारेरा क्रमांक, तारीख-वेळ दिसणारे फोटो, सलग तीन दिवसांचे, आणि वरच्यापैकी कोणती गोष्ट मोडली तेवढीच एक-दोन वाक्यं. ‘फार धूळ आहे, कारवाई करा’ या वाक्यावर काहीच होत नाही. ‘मंगळवार ते गुरुवार दुपारी १ ते ४ मध्ये चौदाव्या मजल्यावर कापड नव्हतं आणि लादी कोरडी कापत होते’ यावर अधिकाऱ्याला येऊन बघावं लागतं. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्या, तोच क्रमांक लिहून विभाग कार्यालयाच्या इमारत व कारखाने खात्याला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या. शेजारी रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही वेगळं पत्र लागतं. सोसायटीच्या सचिवांनी सही केलेली तक्रार एकट्या रहिवाशाच्या तक्रारीपेक्षा नेहमी पुढे सरकते.

प्रश्न : रस्त्यावर पाण्याची तोफ फिरते. तिचा उपयोग होतो का? (सायन)

धुळीवर, आणि जवळपास. थेंब आणि कण आकारानं फार वेगळे असले तर कण थेंबाच्या कडेनं निसटून जातो. म्हणून तोफेचे थेंब जाड धूळ खाली आणतात, धुराचे बारीक कण जवळजवळ तसेच राहतात. पाडकाम चालू असताना त्या जागी मारा केला तर फायदा आहे. मोकळ्या रस्त्यावर हवेत उडवलेलं पाणी दिसायला छान, फायदा थोड्या वेळापुरता. त्याच टँकरनं रस्त्याच्या कडेची गाळाची ओळ धुऊन काढली तर परिणाम जास्त टिकतो, पण तो गाळ उचलून न्यायला हवा. कडेला ढकलून ठेवला तर सुकल्यावर पुन्हा उडतो.

प्रश्न : सिंगापूरला दहा वर्षं राहतो आहोत. इथेही काही वर्षी सप्टेंबरात धुरकं येतं. मुंबईसारखंच का? आकड्यांची तुलना कशी करायची?

दिसायला सारखं, उगम वेगळा. तिथलं धुरकं मुख्यतः इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमंतानच्या दलदलीच्या पीट जमिनीतून येतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साठलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की तो सुकतो, आणि जमीन साफ करायला लावलेली आग वरून विझली तरी आत आठवडेच्या आठवडे धुमसते. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवून बघा : वरून पाणी मारूनही आतून धूर येत राहिला, तो हाच प्रकार. जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या काळात नैर्ऋत्येचा वारा हा धूर सिंगापूर-मलेशियाकडे नेतो. एल निनोच्या वर्षी पाऊस लांबतो आणि आग पसरते. १९९७ आणि २०१५ ही तशीच वर्षं होती. २१ जून २०१३ ला सिंगापूरचा पीएसआय, म्हणजे तिथला हवेचा निर्देशांक, ४०१ वर गेला होता. आसियान देशांनी २००२ मध्ये सीमेपलीकडच्या धुरक्याबद्दल करार केला, पण ज्या देशात आगी लागतात त्या इंडोनेशियानं त्याला मंजुरी दिली ती २०१४ मध्ये. बारा वर्षं हा फार मोठा काळ आहे.

मुंबईत दुपारी खारा वारा सुटला की उसंत मिळते. तुमच्याकडे वाराच धूर आणतो, त्यामुळे दुपारची वाट बघण्यात अर्थ नाही. खिडक्या बंद करून एका खोलीत प्युरिफायर लावा. आत्ता बाहेर जायचं का, यासाठी ताशी पीएम २.५ बघा (५५ पर्यंत सामान्य पट्टा), दिवसभराचं ठरवायला २४ तासांचा पीएसआय. तुलना अशी : पीएसआय १५० म्हणजे पीएम २.५ सुमारे १०२, आणि तेवढ्याच कणांना भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक २४० च्या आसपास येतो. डिसेंबरात मुंबईला याल तेव्हा अ‍ॅपवरचा मोठा आकडा पाहून घाबरण्याआधी आणि लहान पाहून निवांत होण्याआधी मायक्रोग्रॅम बघा.

प्रश्न : कोणता मास्क? रुमाल चालेल का? (डोंबिवली)

रुमाल आणि कापडी मास्क बारीक कणांना जवळपास मोकळं सोडतात. एन ९५ किंवा एफएफपी २ घ्या, शक्यतो डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानात अडकवायचे बहुधा गालाशी सैल राहतात. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर बसलेला नाही. दाढीवर कोणताही मास्क नीट बसत नाही. धुऊ नका आणि सॅनिटायझर फवारू नका, त्याच्या तंतूंवरचा विद्युतभार जातो. वापरून झाला की कागदी पिशवीत मोकळा वाळत ठेवा. पट्टे सैलावले किंवा श्वास जड लागू लागला की टाकून द्या. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क दुमडून घालू नका. कडेनं सगळी हवा आत जाते.

प्रश्न : खिडक्या बंद असूनही घरातलं मीटर रात्री वाढतं. (बोरिवली)

तर धूर बहुधा घरातलाच आहे. क्रमानं शोधा. मच्छर अगरबत्ती आणि कॉइल सर्वांत आधी : एक कॉइल जळून जितके पीएम २.५ कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. तिच्याजागी मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी. मग उदबत्ती आणि धूप. देवापुढे लावायचीच असेल तर एक, आणि विझेपर्यंत खिडकी उघडी. तेलाचा किंवा तुपाचा दिवा वात बारीक ठेवली तर फार कमी धूर देतो.

मग फोडणी. मिरचीचा ठसका लागतो तेव्हा तेलाचे अतिबारीक थेंब हवेत असतात. एक्झॉस्ट फॅन गॅस पेटवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. तो शेगडीच्या विरुद्ध भिंतीवर असेल तर धूर सगळी खोली ओलांडून, तुमच्या तोंडावरून जातो. जागा बदलता येत असेल तर बदला. केरसुणीनं कोरडं झाडण्याआधी लादी ओल्या फडक्यानं पुसा, म्हणजे बसलेली धूळ उठत नाही.

प्रश्न : गूळ खाल्ल्यानं छाती साफ होते का? आणि घरात झाडं ठेवली तर? (कल्याण, पनवेल, वसई)

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसात जात नाही. घसा खवखवत असेल तर बरं वाटेल, एवढंच. झाडांची गोष्ट १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरली. तो बंद पेटीत, काही वायूंवर केलेला होता, धुळीवर नाही. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित हिशोब झाला तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. झाडं आवडतात म्हणून जरूर ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीत पहाटे बेकरीच्या भट्टीचा धूर आणि सोसायटीत झाडू मारून झाला की पानं पेटवलेली, दोन्ही एकाच वेळी. काय करता येईल? (माहीम)

बेकरीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. या भट्ट्यांत अनेकदा मोडक्या फर्निचरचं स्वस्त लाकूड जातं. त्यावरचा रंग, सनमायका आणि प्लायवूडचा डिंक यांचा धूर साध्या जळणापेक्षा जास्त विषारी असतो. तक्रारीत भट्टी पेटण्याची वेळ आणि बाहेर रचलेल्या लाकडाचा फोटो द्या. पण त्याआधी मालकाशी एकदा बोला. लादीपावाच्या धंद्यात नफा थोडा असतो आणि भट्टी बदलायचा खर्च एकदम येतो. गल्लीतल्या सोसायट्यांनी मिळून त्याला गॅस जोडणीच्या अर्जात मदत केली तर काम लवकर होईल.

पानं उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांत बंदी आहे. नुसती बंदी सांगून झाडूवाला थांबत नाही, कारण पानांचं करायचं काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कंपाउंडच्या सावलीच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, रुंद आणि उंच असा जाळीचा पिंजरा उभा करा, खाली विटांवर टेकवलेला. तळाला वीतभर काटक्या, हवा खेळायला. त्यावर फूटभर पानं, मग शेणकाला किंवा आंबट ताक घातलेलं पाणी, मग मूठ-दोन मूठ माती, पुन्हा पानं. देशी बदामाची आणि आंब्याची पानं चिवट असतात, ती आधी पायाखाली तुडवून किंवा कात्रीनं तोडून टाका, नाहीतर एकमेकांना चिकटून पत्र्यासारखी बसतात आणि आत हवा जात नाही. ओल किती हवी तर मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. वास आला तर पाणी जास्त झालं, कोरडी पानं घालून वरखाली करा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. दर पंधरा दिवसांनी फावड्यानं हलवा. ढीग झपाट्यानं बसतो, त्यामुळे एकाच पिंजऱ्यात पानगळीची बरीच पानं मावतात. फेब्रुवारीत भरलेल्या पिंजऱ्यातलं खत साधारण तीन-चार महिन्यांत चाळायला येतं, पाऊस लागायच्या आत. न कुजलेल्या शिरा आणि देठ पुढच्या ढिगाच्या तळाला घाला.